मधल्या भिंतीवरचा ग्लास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इमारतीचे पहिले रहिवासी माननीय नंदकिशोर दिघे, प्रमुख पाहुण्या म्हणून मुद्दाम वेळ काढून आलेल्या पालिका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका वसुधाताई, सोसायटीचे अखंड दक्ष चिटणीस कुंडलिकराव, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो त्या प्रेमावहिनी घाडीगावकर, आणि सतरंजीवर, खुर्च्यांवर व दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी मला या व्यासपीठावरून एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. आपल्या कार्यकारिणीने प्रत्येक वक्त्याच्या छातीवर हा गुलाबी रिबिनीचा बिल्ला लावला आहे. बिल्ला सुंदर आहे. त्यावर 'वक्ता' असं लिहिलं आहे, म्हणजे मी कोण आहे याविषयी माझ्या मनात शंका राहू नये. परंतु त्याची टाचणी आतल्या बाजूने उघडीच राहते. श्वास घेतला की टोचते. श्वास सोडला की थोडा आराम पडतो. गेला पाऊण तास अध्यक्षांचं प्रास्ताविक चालू असताना मी शक्य तेवढा श्वास सोडूनच ऐकत होतो. शूर सैनिकांच्या छातीवर पदकं लावतात ती एकदाच, आणि पुष्कळदा ते गेल्यावर. आम्हा वक्त्यांना मात्र जिवंतपणी, उभं करून टोचलं जातं. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात चांगल्या टाचण्यांची तरतूद व्हावी, अशी सूचना मांडून मी ही तक्रार इथेच थांबवतो.

दुसरी एक अडचण आहे, ती कुंडलिकरावांनी निर्माण केली. काल संध्याकाळी ते माझ्या दारात आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "लेखक, भाषणात ते... ते पेय... त्याचा उल्लेख टाळता आला तर पाहा. बायकामुलं असतील."

कुंडलिकराव, मी रात्रभर प्रयत्न केला. काशीराम घाडीगावकरांविषयी आणि प्रेमावहिनींविषयी बोलायचं आणि वाईनचा उल्लेख करायचा नाही, हे मला जमलं नाही. तेव्हा वसुधाताईंची माफी मागून मी तिला वाईनच म्हणेन, द्राक्षासव नव्हे. काशीराम तिला 'वायन' म्हणायचा, जशी ती त्याची धाकटी मेहुणीच असावी.

तुमच्यापैकी जे नंतर राहायला आले त्यांच्यासाठी सांगतो. काशीराम हा वहिनींचा नवरा. गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. ब्याऐंशी सालच्या संपानंतर गिरणी त्याची राहिली नाही, तसा तो चेंबूरच्या बाजारात एका फळवाल्याच्या गाळ्यावर बसू लागला. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम उतरला की देठापासून सुटलेली, मऊ पडलेली काळी द्राक्षं कोणी घेत नाही. ती तो पिशवीभर घरी आणायचा. साच्यावरच्या एका ख्रिस्ती दोस्ताने त्याला कृती शिकवली होती. लोणच्याची मोठी बरणी, द्राक्षं, रेशनची साखर, मूठभर गहू, बेकरीतून मागून आणलेलं यीस्ट, आणि तोंडाला वहिनींच्या जुन्या पातळाचा तुकडा. एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी जे निघायचं त्याला वाईन म्हणायला मोठं मन लागे. पहिल्या घोटाला गोड, दुसऱ्याला आंबट, आणि तिसऱ्याला माणूस काशीरामचा मित्र झालेला असे.

रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर सिनेमा लागला की सगळी इमारत ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्या घरी जाऊन बसायची. आमच्या मजल्यावर टीव्ही नव्हता. म्हणून आम्ही काशीरामकडे. तो, वहिनी, लग्न होऊन कणकवलीला जाईपर्यंत त्यांची जानकी, खालच्या मजल्यावरचे आपले टेलिफोन खात्यातले अंबादास खरात, आणि शेजारच्या खोलीतला मी, एकटा जीव. अंबादास प्यायचा नाही. त्याने पंचशील घेतलंय आणि पाचवं शील तो पाळतो. तो कोकम सरबत घेऊन बसायचा आणि आमच्यापेक्षा जास्त झिंगायचा.

सुरुवात गाऱ्हाण्याने. त्याशिवाय काशीराम कोणाच्या ओठाला ग्लास लावू देत नसे. गावच्या राखणदारासाठी चार थेंब गॅलरीत शिंपडायचा, हात जोडायचा आणि सुरू व्हायचा:

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरा एकठय बसली हत. अंबादासाच्या टेलिफोनाक आवाज येव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असं सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडायचं? देवही न मानणारा आणि भूतही न मानणारा अंबादास.

"ह्या लेखकाची लेखणी चलान दे, आणि जीभ वायच थांबान दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी सिगारेट ओढतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. जिन्यातल्या धूम्रपानबंदीच्या पाटीवर 'काही रहिवासी' म्हणून माझाच गौरव झालेला आहे. वहिनी घरात धूर चालवून घेत नसत. म्हणून मी माझ्या गॅलरीत जाऊन ओढायचो. आमच्या दोन गॅलऱ्यांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. काशीराम माझा भरलेला ग्लास त्या भिंतीवर आणून ठेवायचा आणि दार लोटून घ्यायचा. माझ्या वाट्याची वाईन मी नेहमी तशीच प्यालो: समोर देवनारच्या जळत्या कचऱ्याचा धूर, हातात माझा धूर, आणि भिंतीवरून उचललेला ग्लास. हे एवढं लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते या एका सवयीमुळे झालं.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात काशीरामने बरणी भरली, आणि आठव्या दिवशी तो सकाळी उठलाच नाही.

मंडळी, मृत्यूच्या घरात शांतता असते असं आपण म्हणतो. त्या घरात नव्हती. कोपऱ्यात बरणी चालू होती. बायका रडून थकल्या, लहानसहान बोलणंही संपलं, की फडक्याखालून आवाज यायचा: गुड... गुड. कोणीतरी पाण्याखालून काही सांगत असावं तसा. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तेरा दिवस त्या घरात चूल मंद होती, दिवा मंद होता, आणि ज्याच्या हाताने ती भरली गेली तो नसताना ती बरणी आपलं काम करत होती. मी भिंतीपलीकडे झोपायचो. मला ती ऐकू यायची. भिंतीतून ऐकू येणं शक्य नाही, असं अंबादास म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

आठ आणि तेरा. तेराव्याच्या दिवशीच बरणीचे एकवीस दिवस भरले. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर वहिनींनी फडकं सोडलं. मी आपला उठून माझ्या गॅलरीत गेलो, कारण मला कोणासमोर रडायची सवय नाही. सिगारेट पेटवली. भिंतीवर भरलेला ग्लास होता.

मी तो प्यालो.

मी नाशिककडचा माणूस. गेलेल्याच्या नावाने काही ठेवलं की दार लोटायचं, पाठ फिरवायची, वळून बघायचं नाही, हा त्या घराचा नियम मला माहीत नव्हता. मला वाटलं, वहिनींनी आठवणीने माझा ग्लास नेहमीच्या जागी ठेवला. मन भरून आलं, म्हणून तळापर्यंत प्यालो, आणि रिकामा ग्लास होता तिथे ठेवून परत आत जाऊन बसलो. थोड्या वेळाने वहिनींनी गॅलरीचं दार उघडलं. आणि त्यांचा आवाज आला. तेरा दिवसांत तसा आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता.

"इलो! जानकी गो, तुजो बापूस इलो! सगळी प्यालो!"

आणि मग त्या बाईने ताट वाढून घेतलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा. दोन घास नव्हे, पोटभर. भात मागून घेतला.

आता मला सांगा, अध्यक्षमहाराज, अशा वेळी सभ्य माणसाने काय करावं? 'वहिनी, ते काशीराम नव्हते, मी होतो' असं म्हणावं? भाताचा घास हातात असताना? मी उद्या सांगू म्हणालो. उद्या नाही सांगितलं. पुढच्या रविवारी वहिनींनी स्वतः गाऱ्हाणं घातलं. बायकांनी घालायचं नसतं म्हणतात. त्यांनी घातलं. ग्लास भिंतीवर ठेवला, दार लोटलं, आम्ही सगळे पाठ करून बसलो. मला ग्लास दिसत नव्हता, पण तो भरलेला आहे हे मला पाठीने कळत होतं. मी म्हणालो, "काडेपेटी घरी राहिली." आणि उठलो.

तर शेजाऱ्यांनो, तिसऱ्या मजल्यावरच्या भुताविषयी तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. तुमची मुलं संध्याकाळी त्या जिन्याने जात नाहीत. वहिनी ज्या जेवणाच्या डब्यांवर घर चालवतात, ते डबे घेणं तुमच्यापैकी काहींनी बंद केलं. बाईने नवऱ्याला बांधून ठेवलंय, ती काहीतरी करते, असं तुम्ही हळू आवाजात बोललात, आणि आपल्या चिटणीसांनी फलकावर सूचना लावली की गॅलरीत उघड्यावर पेयपदार्थ ठेवू नयेत. ते भूत मी आहे. माझ्याकडे निवासाचा दाखला आहे. प्यायचं परमिट मात्र नाही.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. मलाही सुरुवातीला गंमत वाटली होती. नंतर वाटेनाशी झाली. वहिनी दर उन्हाळ्यात बरणी भरत राहिल्या. ती संपली की मी नाक्यावरून स्वस्तातली पोर्ट वाईन आणायचो, तीच भिंतीवर जायची, आणि तीच मी चोरासारखा प्यायचो. चार घोटांचं काम. एक दिवस शेवटच्या घोटानंतर मी डाव्या हाताच्या पाठीने मिशा पुसल्या. मला मिशा नाहीत. काशीरामला होत्या. पलीकडे दाराच्या फटीत उजेड होता, आणि मला वाटलं, मी चुकीच्या गॅलरीत उभा आहे.

त्यानंतर मी ग्लास उचलण्याआधी मनातल्या मनात परवानगी मागू लागलो. कोणाची, ते मला विचारू नका. मी वर्तमानपत्रात अंधश्रद्धेची टिंगल करून पोट भरतो.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या पावसाळ्यात जानकीचे दिवस भरत आले. पहिल्या वेळीही तिला आई मिळाली नव्हती. मालवणहून वहिनींचा भाऊ बाळा न्यायला आला, ही दुसरी वेळ. मी तिथेच बसलो होतो. बाळा म्हणाला, "बाये, पोर तुजी वाट बगता. चल आता."

वहिनी म्हणाल्या, "मी गेलंय तर तो येतलो खय? दर आयतवारी येता रे तो. दार बंद दिसला तर परत फिरतलो."

बाळा एकटाच गेला. जानकी सासूच्या हातात बाळंत झाली, आणि मूल आठवडाभरात गेलं. वहिनींनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि त्या रविवारी गाऱ्हाण्यात फक्त एवढंच म्हणाल्या, "नातवाक सांबाळ रे म्हाराजा." त्या दिवशी 'व्हय म्हाराजा' म्हणायला अंबादासचाही आवाज फुटला नाही. मी मात्र काडेपेटी आणायला उठलो. उठलो, मंडळी. त्याही दिवशी उठलो.

एका बाईच्या लेकीच्या दोन बाळंतपणांवर पाणी सोडायला लावणारी ती गोष्ट माझ्या घशातून खाली जात होती. या मार्चमध्ये मी ठरवलं, बस. रविवार आला. ग्लास भिंतीवर गेला, दार लोटलं. मी गुडघ्यांवर हात ठेवून जागचा हललो नाही. अंबादास म्हणाला, "तुझ्या माठातलं पाणी गार असतं," आणि माझी किल्ली घेऊन गेला, आला. वहिनींनी दार उघडलं.

ग्लास रिकामा होता.

जिन्यात मी अंबादासला गाठलं.

"अंब्या, खरं सांग. तू ओतलास?"

"ओतायला काय झाडाला घालायचं होतं का?" तो म्हणाला. त्याच्या तोंडाला वास येत होता. "प्यालो."

"तू?"

"मग काय करू? तू दगडासारखा बसलास. बाई दार उघडणार, यार! तीन वर्षं बघतोय मी तुझी काडेपेटी. सरकारने आगपेट्यांचा कारखाना काढावा एवढ्या काड्या तुला लागल्या." मग तो पायरीवर बसला. "आता घरी जाऊन बुद्धवंदनेला कसा बसू, ते सांग."

या माणसाने आयुष्यात एकदाच शील मोडलं, आणि ते एका मेलेल्या माणसाची लाज राखायला. अंबादास, डोकं खाली घालू नकोस. आज तुझ्याबद्दल चांगलं बोलायची संधी मला पुन्हा मिळणार नाही.

त्या पायरीवर आम्ही दोघांनी ठरवलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघेही वहिनींच्या समोर बसलो, हात दिसतील असे. खालून सिनेमातलं गाणं येत होतं. दार उघडलं. ग्लास भरलेला. "आज उशीर झालो असात," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी दार परत लोटून घेतलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी तो ग्लास आत आणला, मोरीत ओतला, विसळला आणि फळीवर पालथा घातला. मित्राच्या पार्थिवाला मी खांदा दिला होता. तेव्हा तो गेला असं मला वाटलं नव्हतं. तो ग्लास पालथा पडला तेव्हा वाटलं. आणि या खेपेला त्याला आम्ही मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जानकीला पत्र टाकलं: मी येतंय.

आपल्याला हवं होतं ते झालं, म्हणून मी गप्प बसलो असतो. भेकड माणसांना शेवट गोड झालेला फार आवडतो. पण गेल्या गुरुवारी मी ट्रंकेला दोरी बांधायला गेलो, आणि वहिनींनी विचारलं, "भावजीनु, माजा काय चुकला? तीन वर्सा येय होतो. येकदम कित्या रागावलो?"

म्हणजे ती बाई कणकवलीला मोकळ्या मनाने निघालेली नव्हती. नवऱ्याने टाकलं म्हणून निघाली होती. मी दोरी सोडली आणि सगळं सांगितलं. भिंत, काडेपेटी, माठ, अंबादास, सगळं. त्या ट्रंकेवर बसून ऐकत होत्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. मालवणी शिव्यांचा मला चांगला परिचय आहे.

"म्हणजे तो रागावलो नाय?"

"नाही वहिनी. तो रागवायला आलाच नव्हता."

"बरा झाला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जानकीच्या पोराचा मात्र तुमी बरा नाय केलास."

एवढंच. यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मी पुन्हा दोरी हातात घेतली. तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि मिरगाआदलो आयतवार? गेल्या सालचो?"

गेल्या वर्षी मृग लागण्याआधीचा रविवार? त्याचं काय?

"तुमी नाशकाक लग्नाक गेल्लास. खोलयेक कुलूप. अंबादास आवशीक बगूक गावाक. मी एकटीच होतंय. गिलास ठेवलंय, दार लोटलंय, पाठ करून बसलंय. उघडलंय तर रिकामो. तो कोण प्यालो?"

मी चार दिवस विचार करतो आहे. मांजर वाईन पीत नाही. कावळा ग्लास उपडा पाडतो. तो तर जागच्या जागी उभा होता, त्या म्हणतात. उन्हाने एका संध्याकाळीत तेवढं आटत नाही. लग्नाची पत्रिका काढून मी तारीखही पाहिली. आईला बघायला गावी गेला होता, तो रजेचा अर्ज अंबादासने पाहिला. आम्ही दोघे इथे नव्हतो. ज्या गोष्टीला उत्तर नाही तिच्यावर चार विनोदी वाक्यं लिहिणं हा माझा धंदा आहे. गेले चार दिवस कागद कोरा आहे.

मी वहिनींना एवढंच म्हणालो, "मला माहीत नाही."

त्यावर त्या हसल्या. आणि म्हणाल्या, "हॉलात सगळा सांगा. लोक माका भूतवाली म्हणतत. एका आयतवाराची मी भूतवाली. बाकीचे तुमचे." त्यांच्याच आज्ञेने मी हे बोललो. तेव्हा कुंडलिकराव, फलकावरची ती सूचना उद्या उतरवा. आणि ज्यांनी डबे बंद केले त्यांनी, निदान आज निघताना, वहिनींना नमस्कार करावा.

सगळे रविवार मी परत करू शकत नाही, जानकीचे तर नाहीच. पण तीन वर्षं मी काशीरामच्या वाट्याचं प्यालो. तो माझा मित्र होता, म्हणून त्याचं देणं ठेवायचं नाही. भाषण संपल्यावर मी खाली येईन आणि प्रेमावहिनींच्या खुर्चीपाशी एक कापडी पिशवी ठेवीन. तीत काय आहे ते कोणी विचारू नये. दोन बाटल्या आहेत, या एप्रिलात मी स्वतः भरलेल्या बरणीतल्या. पहिलाच प्रयत्न, चव बेताची आहे. वहिनी, कणकवलीच्या घरी भिंत नसेल, ओटा असेल. तिथे ठेवा. तिथून माझा हात पोचत नाही.

अध्यक्षांनी दिलेल्या वेळेपेक्षा मी बराच जास्त घेतला, पाहुण्यांना नको ते ऐकवलं, गेलेल्या माणसाला सभेत ओढून आणलं. इतकी वर्षं टिंगल ऐकून घेतलीत आणि आज खरंही ऐकून घेतलंत, याबद्दल तुम्हा सगळ्यांचा ऋणी आहे. बोलताना जिथे जीभ घसरली असेल तिथे मोठ्या मनाने मला सांभाळून घ्या. आणि आधी जिथे घसरली, त्याची माफी मी गुरुवारी मागितली आहे. ती मिळाली की नाही, हे अजून मला कळलेलं नाही.

मी खाली येतो आहे. वहिनी, उठू नका. पिशवी जड आहे, मी टेम्पोपर्यंत आणून देतो.